न चाखलेलं कढण

थे-सिककाकांचा सिद्धान्त असा होता, की चव हातात असते, हातात ती रक्तातून येते आणि रक्त घराण्याचं असतं. निवृत्त मुख्याध्यापक म्हणून त्यांना सिद्धान्त मांडण्याचा अधिकारही होता आणि वेळही. कुलमंडळाच्या वार्षिक अंकात त्यांनी या विषयावर एक लेखमाला लिहिली होती. तिच्यात अभिजात ग्रंथांचे आधार होते, पूर्वजांच्या कवितांचे दाखले होते आणि पानाला पुरून उरतील इतक्या तळटीपा होत्या. नव्हतं ते फक्त स्वयंपाकघर. काकांनी आयुष्यात स्वतःच्या चहासाठीसुद्धा कधी पाणी उकळलेलं नव्हतं. त्यांच्या लेखनातल्या अढळ आत्मविश्वासाचं रहस्य कदाचित हेच असावं. ज्या विषयाला माणूस कधी हात लावत नाही, त्यात त्याचे हात भाजत नाहीत.

बोक-निम या लेखमालेची नायिका होती. थोरल्या घराची ती थोरली सून. आता सत्तरी ओलांडलेली, नवऱ्यामागे घराचे सगळे श्राद्धविधी सांभाळणारी. पितरांच्या नैवेद्याला त्यांच्या आधी जीभ लावायची नाही, हा तिथला जुना नेम. रांधणारीनं कढण चाखायचं नाही, भाजीचं मीठ बघायचं नाही. आधी पितर, मग पंगत. आणि तरीही बोक-निमच्या हातचं कधी चुकत नसे. पंगतीत बसलेले पुरुष दरवर्षी वाडगं तोंडाला लावून एकमेकांकडे बघत आणि म्हणत, न चाखता! ही शिकून येणारी गोष्ट नव्हे, ही देणगी आहे. बोक-निम मान खाली घालून हे ऐकून घेई. त्या कौतुकात तिला काहीतरी खुपत असे. पण काय खुपतं ते शब्दांत धरायला तिला बरीच वर्षं लागली.

मूळपुरुषाचं श्राद्ध जवळ आलं होतं. बागेतली सफरचंदं उतरवून झाली होती. थोरल्या घराच्या बैठकीत कुलमंडळ जमलं आणि काकांनी विषय काढला.

"वहिनी, तुमचे हात चालताहेत तोवर चिंता नाही. पण पुढचं बघायला हवं. शहरात आता तयार नैवेद्य मिळतो. सगळं नियमाप्रमाणे, डब्यात बंद करून दारात आणून देतात. कंपनीचा माणूस फोटोसुद्धा दाखवून गेला."

"फोटो चवीला कसे होते, भावजी?" बोक-निमनं विचारलं.

दोघंतिघं हसले. काका हसले नाहीत. "थट्टा नको. मान-होची बायको गुणी आहे, मी नाही कुठं म्हणतोय? पण मुलगी परदेशातली, मेकाँगकाठची. हात तिकडचा. अंगातलंच वेगळं, त्याला ती तरी काय करणार? मूळपुरुषाला कळणार नाही होय?"

बोक-निमचा मुलगा मान-हो, म्हणजे घराण्याचा वारस आणि त्या 'मुली'चा नवरा, त्या वेळी चटईच्या विणीचा बारकाईनं अभ्यास करत होता. आणि थुई, जिच्याबद्दल हे चाललं होतं, ती नासपतीच्या फोडींची थाळी घेऊन उंबऱ्याशी उभी होती. या घरात येऊन तिला आठ वर्षं झाली होती. आठ वर्षांत माणूस परकी भाषा एवढी शिकतो, की अपमान कळायला दुभाषा लागत नाही. ती आत आली, थाळी रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी काकांपुढं ठेवली आणि मागच्या पावली परत गेली.

"यंदाचं श्राद्ध याच चुलीवर होईल," बोक-निम म्हणाली.

"अर्थात. पुढचं त्या दिवशीच्या पंगतीत ठरवून टाकू." काकांनी नासपतीची फोड उचलली. "गोड आहे."

*

काकांना एक गोष्ट माहीत नव्हती. गेल्या हिवाळ्यातल्या तापानं बोक-निमचं नाक आणि जीभ दोन्ही नेली होती. ताप उतरला, खोकला गेला, चव मात्र परतली नाही. तिळाचं तेल, खारवलेला मासा, लसूण, सगळं तिला ओल्या कागदासारखं लागे. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी थुई भांडी घासता घासता म्हणाली, "आई, कंपनीचंच मागवू या ना. मी केलं आणि बिघडलं, तर माझ्यामुळं तुमचं नाव जाईल."

"काका बोलले ते मनावर घेतलंस?"

"काका शिकलेले आहेत."

"कढण कुठलं आणि गरम पाणी कुठलं, हे काकांना वाडग्यात मुळा तरंगताना दिसला की कळतं." बोक-निमनं फडकं झटकलं. मग दाराकडे एकदा बघून घेतलं. "यंदाचं तुलाच करायचंय. हौस म्हणून नव्हे. माझी जीभ—"

"गेली आहे. मला माहीत आहे, आई."

"काय माहीत आहे?"

"वसंतात भात खाली लागला होता. सगळं घर धुरकट वासानं भरलं. तुम्ही दोनदा भात घेतलात आणि म्हणालात, आज छान झालाय."

बोक-निमनं फडकं खाली ठेवलं. "मग तेव्हापासून माझ्या भाज्यांत मागून मीठ कोण घालतंय?"

थुईनं नळ मोठा सोडला.

"बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

मग दोघी हसल्या. बोक-निमला हसता हसता ठसका लागला, आणि थुईनं ओल्या हातानंच तिची पाठ चोळली.

*

थुईला हे येत होतं ते कुठून, हे सांगायला हवं. कारण लेखमालेत ते नाही.

बोक-निम लग्न होऊन आली तेव्हा तिला भात शिजवताना पाणी किती घालावं हेही कळत नव्हतं. तिची सासू बुटकी, जाडजूड आणि मोठ्यानं हसणारी बाई होती. श्राद्धाच्या दिवशी तिनं नव्या सुनेला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. मात्र उरलेल्या सगळ्या दिवशी, रोजच्या साध्या जेवणाला, तिनं एक खेळ लावला. पळी हातात द्यायची, पण तोंडाशी नेऊ द्यायची नाही. "आधी बोल, मग चाख. मीठ कमी की जास्त?" बोक-निम म्हणे, कमी. "आता चाख." निघे खारट. सासू मांडीवर थाप मारून हसे. "हिचं नाक सुट्टीवर गेलंय!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बोक-निमला हा छळ वाटे. माहेरी गेल्यावर ती आईपुढं रडलीही होती.

पण हळूहळू बोलणं आणि चाखणं यांतलं अंतर कमी होत गेलं. सोयाचा खारा अर्क तापल्या भांड्याच्या कडेवरून सोडला, की त्याची वाफ कशी चढते हे नाकाला पाठ झालं. मुळ्याची कड केव्हा पारदर्शक होते ते डोळ्यांना कळायला लागलं. नेच्याचे कोंब किती पिळले म्हणजे पुरे, हे मुठीला कळायला लागलं. एक दिवस असा आला, की बोक-निम जे बोले तेच जिभेवर येई. मग आणखी एक दिवस असा आला, की सासूनं विचारणं सोडून दिलं आणि श्राद्धाच्या दिवशी पळी तिच्या हातात देऊन स्वतः ओसरीत लसूण सोलत बसली. श्राद्धाच्या स्वयंपाकात लसूण चालत नाही. हातांना काहीतरी काम हवं, म्हणून तिनं तो सोलायला घेतला असावा.

आणि त्या दिवशी पंगतीत पुरुष म्हणाले, देणगी.

बोक-निमला जे खुपत होतं ते हे होतं. देणगी म्हटलं, की ज्यानं शिकवलं त्याचे आभार मानायचे राहतात. आकाशातून पडलेल्या गोष्टीचं ऋण कुणाचंच नसतं. एका बाईनं हजारो जेवणं खर्चून दुसऱ्या बाईच्या हातात जे उतरवलं, ते एका शब्दात देवाच्या नावावर चढवून मंडळी मोकळी झाली होती. विद्वत्तेचे पुष्कळ उपयोग आहेत. कृतघ्नतेला भारदस्त कपडे घालणं हा त्यांतला सर्वांत जुना.

थुई आली तेव्हा बोक-निमनं तोच खेळ पुढं चालवला. थुईला पहिल्या वर्षी 'कमी' आणि 'जास्त' हे दोनच शब्द नीट येत होते. खेळाला तेवढे पुरले.

*

श्राद्धाच्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघर तापलं होतं. मदतीला नात्यातली उल्जिनकरीण आली होती. समुद्रकाठच्या उल्जिनची ही बाई लग्न होऊन या डोंगरात आली, तेव्हापासून सगळं गाव तिला याच नावानं हाक मारत होतं. माशाचे काप अंड्यात बुडवून तळणं हे तिचं काम. गावातल्या प्रत्येक घराची खबर ठेवणं ही तिची आवड. एका हातानं दोन्ही चाललं होतं.

थुई कढणावर उभी होती. मांस आणि मुळा तळाशी मंद उकळत होते. बोक-निम परसातल्या रांजणांकडे गेली. श्राद्धासाठी सोयाच्या खाऱ्या अर्काचा एक वेगळा रांजण होता. तो फक्त या कामासाठी उघडायचा, आणि त्याला ऊन दाखवायचं कामही तिनं कधी कुणाला दिलं नव्हतं. तिनं वाडगाभर अर्क काढून आणला आणि थुईच्या हातात दिला.

थुईनं वाडगा भांड्यावर कलता केला. अर्क काठापर्यंत आला आणि तिथंच तिचा हात थांबला.

"आई, हे नको."

"काय नको?"

"याला पाऊस लागलाय."

"काहीतरीच! या रांजणांबरोबर मी म्हातारी झाले. घाल तू."

"वरवर पाणी झालंय आणि खाली आंबूस येतंय. झाकण राहिलं असेल उघडं, परवाच्या सरीत."

उल्जिनकरणीच्या कढईतला मासा चर्र करत राहिला. तिचे कान मात्र केव्हाच इकडं आले होते. बोक-निमच्या कानशिलाशी रक्त चढलं. परक्या बाईसमोर, आपल्याच चुलीपुढं, आपल्या रांजणाला नाव ठेवलं जात होतं. "आण इकडे, मी घालते," म्हणून तिनं वाडग्याला हात घातला.

आणि थुईनं तिचं मनगट धरलं.

सुनेनं सासूचं मनगट धरणं ही त्या घरात कल्पनेबाहेरची गोष्ट होती. थुईनं पकड सोडली नाही. "मी आधी बोललेय, आई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "श्राद्धाचं आहे, चाखून दाखवता येत नाही. नाकच खरं धरायचं. तुम्हीच शिकवलंत."

बोक-निमनं वाडगा नाकाशी नेला. डोळे मिटले. भिंतीचा वास घ्यावा तसं. काहीही नाही. झाकण लावलं होतं का? लावलं असणार. नेहमी लावते. पण परवा ऊन दाखवून आत येताना पायरीवर तोल गेला होता, आणि मग...

तिच्यापुढं दोन गोष्टी होत्या. एक तिचं नाव आणि दुसरं ते कढण. नाव वाचवायचं तर फक्त हात पुढं रेटायचा होता.

"तुझं खरं," ती म्हणाली. "मला वास येत नाही. हिवाळ्यापासून वासही नाही आणि चवही नाही."

उल्जिनकरणीच्या मासा उलटवायच्या काड्या हवेत थांबल्या. "अगं बाई! म्हणजे आजचं सगळं—"

"सगळं थुई करतेय. आणि तुझं तेल जास्त तापलंय. तेवढं अजून मला ऐकू येतं."

थुई परसात गेली. तिनं एकेक झाकण उचलून बघितलं आणि भिंतीकडच्या जुन्या रांजणातून अर्क आणला. तो जास्त मुरलेला, काळपट आणि तिखट वासाचा होता. रोजचं माप त्याला चालणार नव्हतं, आणि चाखायची सोय नव्हती. तिनं थोडा अर्क भांड्याच्या कडेवरून सोडला. वाफ वर आली. ती वाकली, थांबली. पुन्हा थोडा सोडला. रंगाकडे बघितलं. तिसऱ्यांदा पळी उचलली आणि तशीच भरलेली परत वाडग्यात ठेवली.

बोक-निम तिच्या मागं उभी होती. काही सांगावं असं तिच्यापाशी काही उरलं नव्हतं. आपल्या पाठीशी सासू अशीच गप्प उभी असायची, तेव्हा तिला काय वाटत असेल, हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

*

दिवेलागणीला विधी सुरू झाला. पुरुष अंगरखे घालून रांगेत उभे राहिले. नैवेद्य मांडला गेला. मद्याचा पहिला प्याला मान-होनं अर्पण केला. दुसरा प्याला थोरल्या सुनेचा. तो आजवर बोक-निमचा होता.

"दुसरा प्याला थुई देईल," ती म्हणाली.

रांगेत चुळबुळ झाली. थे-सिककाका पुढं झुकले. "वहिनी, तुम्ही असताना?"

"ज्या हातानं रांधलं त्याच हातानं द्यावा."

"म्हणजे आजचं हे सगळं..."

"हो. आधीच सांगितलेलं बरं, भावजी. बिघडलं असलं तर कुणाला शिव्या घालायच्या ते जेवताना शोधत बसायला नको."

ती हे नंतरही सांगू शकली असती. लोक जेवले असते, वाहवा केली असती, मग तिनं पडदा बाजूला केला असता. पण ते सुनेवर विश्वास ठेवणं झालं नसतं. ती सुनेची परीक्षा झाली असती, आणि निकाल हाती आल्यावर तर कुणीही विश्वास ठेवतो. थुई पुढं आली, प्याला ठेवला आणि चार वेळा जमिनीपर्यंत वाकली. चौथ्यांदा उठताना तिचा तोल किंचित गेला. मान-होनं सगळ्यांदेखत हात पुढं करून तिला सावरलं. त्याच्या मानानं हे फार मोठं पाऊल होतं.

मग पंगत बसली. थे-सिककाकांनी वाडगं उचललं. त्यांचा चेहरा त्या वेळी एखाद्या परीक्षकासारखा होता, ज्याला उत्तरपत्रिका हाती येण्याआधीच गुण ठाऊक असतात. त्यांनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. मुळ्याची फोड चावली. त्यांच्या जिभेत आणि सिद्धान्तात जो झगडा चालला होता, तो भुवयांवर उमटत होता.

वरच्या आळीतले आजोबा पंगतीत सर्वांत वडील. त्यांना कानानं काहीच ऐकू येत नसल्यामुळं हे प्रकरण त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. ते मोठ्यानं ओरडले, "कढण उरलंय का? वाढा की!"

कुणीतरी हसलं. काकांनी वाडगं खाली ठेवलं. "बरं झालंय," ते म्हणाले. "म्हणजे, आठ वर्षं मुलगी या घरचं पाणी पितेय. रक्तातही हळूहळू काही उतरत असणार..."

"भावजी," बोक-निम दाराशी बसून म्हणाली, "एक विचारू? या चुलीवर आजवर जितक्या बायकांनी रांधलं, त्यांत तुमच्या रक्ताची एखादी तरी होती का?"

काका वाडग्यातला मुळा ढवळू लागले.

"सगोत्र लग्न आपल्यात चालत नाही. तुमच्या रक्ताच्या मुली लग्न होऊन दुसऱ्यांच्या चुलीपुढं गेल्या. इथं रांधलं ते बाहेरून आलेल्यांनीच. मी परकी, माझी सासू परकी, तिची सासू परकी."

"म्हणजे घराण्याची चव सगळी बाहेरूनच आली की!" मान-हो म्हणाला, आणि आपणच बोललो हे लक्षात येऊन लाल झाला.

"आली, आणि एकीनं दुसरीला शिकवली," बोक-निम म्हणाली. "तुम्ही मला देणगी म्हणत आलात. मला काही देणगीबिणगी नव्हती. मला भातसुद्धा येत नव्हता. मला शिकवणारी बाई होती. वंशावळीत तिची नोंद 'हान कुळाची कन्या' एवढीच आहे. तिचं नाव जोम-रे. हान जोम-रे. लेखमालेचा पुढचा भाग लिहाल तेव्हा एवढं लिहा."

काकांनी घसा खाकरला. "तळटीप देता येईल," ते म्हणाले. मग दाराशी बसलेल्या बायकांतून त्यांच्या स्वतःच्या बायकोनं त्यांच्याकडे जे बघितलं, ते बघून म्हणाले, "वरच लिहीन. ठळक."

"आणि कंपनीचं?" मान-होनं विचारलं. आज त्याला बोलण्याची चटकच लागली होती.

"कळवतो त्यांना. गरज नाही म्हणून." काकांनी वाडगं पुढं केलं. थुईनं ते भरलं, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं ठेवलं, आणि या वेळी लगेच मागं सरली नाही. त्यांनी तोंडाला लावेपर्यंत उभी राहिली.

*

पाहुणे पांगल्यावर दोघी स्वयंपाकघरात जेवायला बसल्या. उल्जिनकरीण निरोप घेऊन गेली होती. बोक-निमच्या जिभेची बातमी एव्हाना वेशीपर्यंत पोचली असणार, आणि बोक-निमला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

"दमलीस गं," ती म्हणाली. त्या घरात सासू सुनेला एवढंच म्हणते. आभार त्यातच आले असं धरतात. बोक-निमच्या सासूनंही तेवढंच म्हटलं होतं, आणि बोक-निमनं तिला उलट काहीच म्हटलं नव्हतं, कारण तशी रीतच नव्हती. तिनं वाडगं खाली ठेवलं. मग म्हणाली, "माझं मनगट धरलंस, ते फार बरं केलंस. तुझे आभार मानते मी."

थुईला कुठं बघावं ते कळेना. तिनं घाईघाईनं भाजी पुढं सरकवली. "खा ना, आई. निवतंय."

बोक-निमनं कढणाचा घोट घेतला. ऊन होतं, एवढंच कळलं.

"सांग मला," ती म्हणाली. "कसं लागतंय?"

थुईनं आपल्या वाडग्यातून एक घोट घेतला आणि तो तोंडात धरून ठेवला.

"आधी मुळा येतो," ती म्हणाली. "गोडसर. मग मांस. मग मागून अर्क येतो, जुना आहे ना, थोडा धुरासारखा. जिभेच्या कडेला राहतो."

"आणि?"

"आणि मग तिळाचं तेल. अगदी शेवटी."

"हो," बोक-निम म्हणाली आणि डोळे मिटून दुसरा घोट घेतला. "हो. आता तो मासा सांग."